जॉकी खेळाडूच आहे

नमस्कार, श्रोतेहो. महालक्ष्मी रेसकोर्सचं नाव काढलं की आपल्याकडे लगेच जुगाराचा विषय निघतो. आज मी बोलणार आहे ते घोड्यावरच्या माणसाबद्दल. पळतो घोडा, मग जॉकी कसला खेळाडू, असं विचारणारे पुष्कळ भेटतात.

माझा मामेभाऊही तेच म्हणायचा. साताऱ्याकडचा, तालमीत वाढलेला, मांड्या सागाच्या सोटासारख्या. मुंबईला आला तेव्हा पहाटे त्याला महालक्ष्मीला नेलं. ओळखीचा एक जॉकी रपेट आटपून नुकताच उतरला होता, जेमतेम भावाच्या खांद्याला लागेल एवढा. भावानं थेट विचारलं, "तुम्ही नुसते वर बसलेले असता ना?"

"बसतो कुठं, पैलवान? या, दाखवतो."

त्यानं दोन विटा मांडल्या. चवड्यांवर उभं राहायचं, गुडघे वाकवायचे, पाठ आडवी, नजर समोर. लगाम म्हणून हातात टॉवेल दिला आणि दुसरं टोक धरून स्वतः मागंपुढं हिसके देऊ लागला. म्हणाला, "इंडियन डर्बी, आमची सगळ्यात मानाची शर्यत, 2400 मीटरची, साधारण अडीच मिनिटं. तेवढं टिका." मिनिटभरातच पैलवानाच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. नाकाच्या शेंड्यावरून घाम विटेवर टपकत होता. दोन मिनिटं व्हायच्या आत तो उतरला आणि जॉकीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पठ्ठ्या, मांड पक्की आहे तुझी!"

पुन्हा सांगतो, जॉकी बसत नाही. पाय रिकिबीत, बाकी अंग अधांतरी. खाली साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर, वेग ताशी साठ किलोमीटरच्या घरात. शर्यतीआधी खोगिरासकट वजन, शर्यत झाली की पुन्हा वजन. ते ठरलेल्या मापात बसावं म्हणून कितीतरी जण अर्धपोटी राहून घाम गाळतात. मागून रुग्णवाहिका धावत असते ती उगाच नाही.

आपल्याला क्रिकेटपलीकडे खेळ दिसतच नाही.

जॉकी पेसी श्रॉफ यांनी इंडियन डर्बी आठ वेळा जिंकली. दर वेळी घोडा वेगळा असतो, जिंकणारा हात तोच. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला डर्बी असते. गेलात, तर शेवटच्या 400 मीटरला घोड्याचा नंबर बघू नका, जॉकीचे गुडघे बघा.