बेल्ट की स्क्रू? थांबा, आधी माल मुठीत घ्या

नमस्कार मंडळी! प्लांटमध्ये सुटा माल वाहून न्यायला नवीन कन्व्हेअर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो, पट्ट्यावरून माल नेणारा बेल्ट लावू का पन्हळीत फिरणाऱ्या पात्यांनी माल ढकलणारा स्क्रू? ते नंतर बघू. आधी माल मुठीत घ्या, घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला ना, मग तोच माल स्क्रूच्या पात्यांना आणि माल वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या बकेटांना चिकटून बसणार हे धरून चाला. आणि सॅम्पल कोरडं, गाळलेलं नको, यार्डात पडून ओलं झालेलं घ्या, कारण मशीनला तेच खायचंय.

दुसरं, ताशी 100 टन, ताशी 100 टन असं सगळे सांगतात, पण कन्व्हेअरमध्ये मावतं ते आकारमान. कोळसा 0.8 टन प्रति घनमीटर धरला तर 100 टनांचे 125 घनमीटर होतात, तेच लाकडाचे चिप्स 0.25 ने धरले तर 400! टन तेवढेच पण मशीन तिपटीहून मोठं लागतं. म्हणून साइझ काढताना सगळ्यात हलकी डेन्सिटी धरा आणि मोटर काढताना सगळ्यात जड, इथे खूप जण एकच आकडा दोन्हीकडे वापरतात आणि मग मोटर ट्रिप होत राहते.

आता बेल्ट. लांब अंतर आणि भरपूर माल असेल तर मी डोळे झाकून बेल्ट म्हणेन, वीज कमी लागते, दाणे फुटत नाहीत. फक्त चढ बघा, साधा बेल्ट 15 ते 20 अंशांच्या वर गेला की माल मागे घसरतो, गोल दाणे तर त्याच्याही आधी. सरळ उभं चढवायचंय तर बकेट एलिव्हेटर.

स्क्रू छोट्या अंतराला छान, बंदिस्त असतो. पण वाळू, सिमेंटच्या क्लिंकरसारखा घासणारा माल असेल तर ट्रफ, म्हणजे स्क्रूची पन्हळ, 15 टक्क्यांच्या आसपासच भरायचा, म्हणजे स्क्रू मोठा घ्यावा लागतो.

न्यूमॅटिकचा, म्हणजे हवेच्या जोरावर माल नेणारा, पाइप हवा तसा वळवता येतो, धूळ बाहेर येत नाही, पण वीज बेल्टपेक्षा कितीतरी जास्त लागते, आणि सेकंदाला 20 मीटरच्या वेगाने माल आपटला की पाइपचे बेंड झिजतात, नाजूक दाण्याचा चुरा होतो.

आणि हे प्लीज ऑर्डर देतानाच लिहून घ्या, बेल्टला दोन्ही बाजूंनी पुल कॉर्ड (ओढली की बेल्ट थांबतो ती दोरी), टेल पुलीला, म्हणजे मागच्या टोकाच्या पुलीला, जाळीचा गार्ड, आणि ग्रीसचे निप्पल (ग्रीस भरायची तोंडं) गार्डच्या बाहेर काढून, म्हणजे चालत्या बेल्टवर ग्रीस मारायला कुणालाच जाळी काढावी लागत नाही.