शेजारी टॉवर येतोय? पहिलं पोकलेन लागण्याआधी हे एक काम करा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत आपण पुनर्विकासावर बोललो होतो, पण खाली प्रश्न आले ते भलतेच. स्वतःच्या इमारतीबद्दल थोडे, शेजारच्या प्लॉटबद्दल ढिगाने. शेजारची कंपनी बंद पडली, जागा विकली, आता तिथे चाळीस मजली येतंय, आमचं काय होणार? मुलुंडहून हेच, वाकडहून हेच, घोडबंदर रोडवरून तर रोज हेच. मी भांडुपची. एलबीएस मार्गाच्या कडेने कारखाने होते तेव्हापासून इथे राहते आणि ते जाऊन टॉवर येताना बघितलेत. त्यामुळे तुमची काळजी मला नवी नाही. आमच्या सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी ती निस्तरलीय.

सुरुवातीच्या गोष्टी पटापट सांगते, त्या बहुतेकांना माहीत असतात. शेजारी नेमकं काय येतंय हे वॉचमनला विचारू नका, महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, वेबसाइटवर बघा. विक्रीचा प्रकल्प असेल आणि प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील, तर नोंदणी लागते. मंजूर नकाशे, मजले, सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायचं प्रमाणपत्र, सगळं तिथे दिसतं. बांधकामाचं क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, तिचं पत्र केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर सापडतं. ते उतरवून घ्या, प्रिंट काढा. झालं.

आता एका गैरसमजाबद्दल बोलायलाच हवं, कारण त्यात लोकांचे महिनेच्या महिने वाया जातात. "शेजारच्या सोसायटीची एनओसी असल्याशिवाय बांधकाम होऊच शकत नाही." हा मेसेज प्रत्येक ग्रुपवर फिरतो. मंडळी, बांधकाम परवानगीसाठी शेजाऱ्याची एनओसी लागते असा सर्वसाधारण नियम नाही. तुमच्या रस्त्यावरून त्यांना जायचं असेल, तुमच्या जागेत काही टाकायचं असेल, तर गोष्ट वेगळी. पण सोसायट्या काय करतात? "आम्ही एनओसी देणार नाही" असा ठराव करतात, टाळ्या होतात आणि सगळे निवांत घरी जातात. तिकडे बिल्डरने एनओसी मागितलेलीच नसते. सहा महिन्यांनी खिडकी उघडावी तर खाली खड्डा.

दुसरं, पर्यावरण मंजुरीआधीची जनसुनावणी. "आम्हाला सुनावणीला बोलावलंच नाही," असं एका काकांनी फार पोटतिडकीने लिहिलंय. काका, २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत इमारत बांधकाम आणि टाउनशिपचे प्रकल्प जनसुनावणीतून वगळलेले आहेत. मला स्वतःला हे मान्य नाही. ज्यांच्या भिंतीला लागून तीन मजली तळघर खोदणार, त्यांना एक शब्द विचारायचा नाही, हा अन्याय आहे आणि तो बदलला पाहिजे. पण आज नियम असा आहे. हरकतीची खरी संधी येते ती प्लॉटवरचं आरक्षण बदलताना. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या, कलम ३७ ची नोटीस निघते आणि हरकतींसाठी साधारण एक महिना मिळतो. ती नोटीस वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येते. सोसायटीत कोणी निवृत्त, पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणारे असतील तर त्यांच्यावर हे काम सोपवा. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा करतात, आणि चोख करतात.

आता मुख्य काम. शेजारी पहिलं पोकलेन लागण्याआधी आपल्या इमारतीची आजची अवस्था नोंदवून ठेवा. आधी. खोदकामाच्या आधी.

काय करायचं ते सांगते. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. त्याच्यासोबत इमारत गच्चीपासून जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीपर्यंत फिरा. जिथे जिथे भेग दिसेल तिथे फोटो, फोटोत पट्टी धरलेली, म्हणजे भेगेची रुंदी आणि लांबी कळते. प्रत्येक भेगेला नंबर. तो नंबर मजल्याच्या नकाशावर. मोठ्या भेगेवर काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवायची, दोन्ही टोकं एपॉक्सीने पक्की करायची आणि शेजारी मार्करने तारीख लिहायची. इंजिनिअर त्याला टेल-टेल म्हणतात. भेग हलली की काच तडकते. अहवालावर इंजिनिअरची सही-शिक्का घ्या. एक प्रत बिल्डरला, एक वॉर्ड ऑफिसला, एक महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाला. तिन्हीकडून पोच घ्या. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टने पाठवा. सोबतच्या पत्रात संयुक्त पाहणीची मागणी करा: बिल्डरचा इंजिनिअर आणि आपला इंजिनिअर एकत्र फिरून दोघांनी सही करायची.

जाहिरातीसाठी कोणी सांगितलं म्हणून मी हे बोलत नाहीये. आमच्या शेजारी खोदकाम झालं तेव्हा आमच्याकडे असा अहवाल होता. तळमजल्यावरच्या काकांच्या बाथरूममधली भेग नोंदवलेली होती, तिच्यावर काच होती. पावसाळ्यात ती काच तडकली. काकांनी त्याच संध्याकाळी फोटो काढला. आमच्या मागच्या इमारतीत तशाच भेगा पडल्या, पण त्यांच्याकडे आधीचा एकही कागद नव्हता. बिल्डरचा माणूस आला, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, ही जुनी आहे, तुमची इमारतच जुनी आहे. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आमची दुरुस्ती झाली, मागच्या इमारतीतल्यांनी स्वतःच्या खिशातून वर्गणी काढली. त्या इमारतीतल्या बायका अजून मला भाजी घेताना भेटतात आणि तोच विषय निघतो.

यावर कमेंट येणारच, "ताई, आपल्याकडे स्ट्रक्चरल ऑडिट झालंय की." छान. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ते करायचंच असतं. पण ऑडिटचा अहवाल काढून वाचा. त्यात कॉलम, बीम, स्लॅब यांच्याबद्दल असतं. तुमच्या कम्पाउंड वॉलबद्दल? जमिनीखालच्या टाकीबद्दल? शेजारच्या प्लॉटकडे तोंड असलेल्या भिंतीतल्या केसाएवढ्या भेगांबद्दल? बहुतेक वेळा एक ओळ नसते. खोदकामाचा पहिला त्रास नेमका तिथेच दिसतो. म्हणून त्याच इंजिनिअरला पुरवणी द्यायला सांगा, भेगांचा नकाशा जोडून.

आता हे इतकं महत्त्वाचं का, ते जमिनीच्या बाजूने समजून घ्या. टॉवरला पार्किंगसाठी तळघरं लागतात. दोन-तीन मजली तळघर म्हणजे दहा-बारा मीटर खोल खड्डा. आपल्या इमारतीखालची माती इतकी वर्षं बाजूच्या मातीच्या आधाराने उभी होती. तो आधार निघाला. त्याच्या जागी शोअर पाइल, म्हणजे खड्ड्याच्या कडेने माती धरून ठेवणारे खांब टाकतात, नीट टाकले तर ते पेलतात. पण खड्ड्यात पाणी लागतं आणि ते पंपाने रात्रंदिवस उपसतात. उपशाने आपल्या खालची पाण्याची पातळीही उतरते आणि माती दबते. जुन्या चार मजली इमारतींचा पाया पुष्कळदा उथळ असतो, एक कोपरा जास्त दबतो, दुसरा कमी, आणि मध्ये भेग पडते. यात फसवं काय आहे तर हे त्याच दिवशी होत नाही. आठवडे जातात. आधी दरवाजा चौकटीला घासायला लागतो. फरशी ठोकली की पोकळ वाजते. टाकी रोज भरूनही रिकामी होते. लोक सुतार बोलावतात, दरवाजा तासून घेतात आणि पुरावा जमिनीवर भुसा होऊन पडतो. दरवाजा घासला की आधी फोटो, मग सुतार.

वडाळ्याची घटना आठवा. जून २०१८, मोठा पाऊस. शेजारी खोदकाम चालू होतं आणि राहत्या संकुलाच्या बाजूची जमीन खचली, संरक्षक भिंत गेली, उभ्या केलेल्या गाड्या खड्ड्यात. रहिवाशांना घरं सोडून बाहेर यावं लागलं. आणि पुण्यात कोंढव्याला, २९ जून २०१९, रात्रीच्या पावसात सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. १५ जण गेले, त्यात लहान मुलं होती. कोंढव्याबद्दल बोलताना माझा घसा दाटतो. आपण "आमची भिंत, आमची भिंत" म्हणतो, तिच्या पलीकडे पत्र्याच्या खोलीत बिहारहून आलेलं एक कुटुंब झोपलेलं असतं. आपली कम्पाउंड वॉल कललेली दिसली तर त्या माणसांसाठी त्याच तासाला आपत्कालीन कक्षाला फोन करा. मुंबईत १९१६. मॅनेजिंग कमिटीची मीटिंग नंतर घ्या.

आता कायद्याची बाजू. १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला, अजून चालू. त्याच्या कलम १५ मध्ये उजेड आणि हवा येते हे पुष्कळांना माहीत असतं: २० वर्षं विनाअडथळा मिळालेला उजेड हा हक्क होऊ शकतो. पण त्याच कलमात आधारही आहे. तुमच्या इमारतीला शेजारच्या जमिनीचा आधार २० वर्षं शांतपणे मिळाला असेल तर तोही हक्क होतो. हक्क असून काय उपयोग, नुकसान सिद्ध करावं लागतं. आणि ते सिद्ध कशाने होणार? आधीच्या नोंदीने. मी पुन्हा तिथेच येते, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ सोसायट्या फोटो घेऊन येतात ते खोदकामानंतरचे.

आणि हो, उजेडाबद्दल एक. समुद्र दिसायचा, डोंगर दिसायचा, आता दिसणार नाही, या तक्रारीला कायद्यात जागा नाही. खोलीत येणारा उजेड चांगलाच घटला तर आहे. त्यामुळे पत्रात "व्ह्यू" हा शब्द लिहू नका, अधिकारी तेवढंच वाचतात आणि बाकीचं पत्र बाजूला पडतं. कोणत्या खोलीत, किती वाजता, किती उजेड, ते लिहा.

सोसायटीतल्या विरोधाचंही सांगते. हा अहवाल करायचा म्हटला की एक जण हमखास उभा राहतो, भेगा कागदावर आणल्या तर फ्लॅटचे भाव पडतील म्हणतो. हा युक्तिवाद ऐकला की मला खरंच राग येतो. भाव भेगेने पडतो, कागदाने नाही. आणि बिल्डर गोड बोलायला येतो तेव्हा तुमची इमारत रंगवून देतो म्हणतो. रंग नंतर घ्या. खोदकामाआधी रंग दिला तर सगळ्या जुन्या भेगा झाकल्या जातात, नवी कोणती आणि जुनी कोणती हे कोणालाच सांगता येणार नाही.

धूळ आणि आवाज. इथे नियम स्पष्ट आहेत म्हणून लांबवत नाही. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाज करणारी बांधकाम यंत्रं चालवता येत नाहीत, ध्वनिप्रदूषण नियमांत तसं लिहिलंय. ब्रेकर चालू असेल तर व्हिडिओ काढा, वेळ दिसू द्या, १०० किंवा ११२ ला फोन करा. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धुळीसाठी नियमावली काढली. इमारत ७० मीटरपेक्षा उंच असेल तर भोवती किमान ३५ फूट उंच पत्रे लागतात, ट्रकची चाकं धुऊनच बाहेर काढायची असतात. पर्यावरण मंजुरीच्या पत्रातल्या अटी पाळल्याचा (अनुपालन) अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यायचा असतो. तो मागवा आणि तुमच्या खिडकीतून दिसतं त्याच्याशी ताडून बघा. कागदावर पाणी फवारलेलं असतं आणि तुमच्या गॅलरीत बोटाने नाव लिहिता येतं, असं झालं तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा, अटीचा क्रमांक घालून.

"एवढ्या लोकांना पाणी, रस्ता कुठून?" हा प्रश्न परळच्या एका ताईंचा. तुमच्या गिरणगावातून तो येणारच होता. गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ च्या नियमांत तीन वाटे होते: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये ही वाटणी फक्त गिरणीतल्या आधीच रिकाम्या जमिनीपुरती केली आणि शहराचा वाटा चिमूटभर उरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. चाळींशेजारी कचेऱ्या आणि टॉवर उभे राहिले, स्टेशनं आणि पूल तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. म्हणून ताई, पाणी आणि रस्त्याचा प्रश्न एकट्या सोसायटीने बिल्डरला विचारून सुटत नाही. तो विकास आराखड्याच्या वेळी, चार-पाच सोसायट्यांनी मिळून महापालिकेला विचारायचा.

शेवटचा प्रश्न, कारण तो सगळ्यात जास्त वेळा आलाय: "आमच्याकडे खोदकाम सुरू झालंय, आता काय उपयोग?" उपयोग आहे. अजून एक तळघर उतरायचं असेल, पावसाळा यायचा असेल, उपसा चालू असेल. आजची अवस्था आज नोंदवा आणि आजचीच तारीख घाला. कोणीतरी सुचवेल की तारीख दोन महिने मागची टाकू. अजिबात टाकू नका. मोबाइलच्या फोटोत खरी तारीख असते, ती बाहेर आली की तुमचा पूर्ण अहवाल खोटा ठरतो. खोदकाम किती खोल गेलंय त्याचाही गच्चीवरून फोटो घ्या. भेगांच्या नोंदीचा तक्ता आणि पत्राचा नमुना खाली डिस्क्रिप्शनमध्ये ठेवलाय, मराठीत आहे, सोसायटीचं नाव घालून वापरा. इंजिनिअर मिळाला नाही तर तोवर रविवारी सकाळी चार सभासद मिळून फोटो काढा, इंजिनिअर आल्यावर त्याच भेगा त्याला दाखवा आणि त्याची सही घ्या.