‘आठवा बघू’ म्हणू नका

श्रोतेहो, नमस्कार.

घोडबंदर रोडवर दुचाकी घसरून डोक्याला जबर मार बसलेला माणूस बरा होऊन घरी येतो. चालतो, बोलतो, शाळेतल्या कविता घडाघडा म्हणतो. भेटायला आलेले म्हणतात, ‘अगदी पहिल्यासारखा झाला हो!’ आणि तासाभरात तो चौथ्यांदा विचारतो, ‘माझं जेवण झालं का?’

घरच्यांना वाटतं, सोंग करतोय. पण जुनं सांभाळणं आणि नवं रुजवणं ही मेंदूची निराळी कामं. नवी आठवण पक्की करण्यात हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाचा मोठा वाटा. तो कानाच्या पातळीवर, मेंदूत खोल असतो. तिथे किंवा कपाळामागच्या भागात इजा झाली, की जुनं बरंचसं शाबूत राहतं, नवं टिकत नाही. सीटी स्कॅन नॉर्मल असला तरी फसू नका. हिसक्याने ताणलेले मेंदूतले बारीक तंतू त्यात अनेकदा दिसतच नाहीत.

मी ठाण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे; इजेनंतर रोजची कामं पुन्हा जमवून देणं हे माझं काम. नौपाड्यातल्या एका घरी काकू रोज काकांची परीक्षा घ्यायच्या. ‘अहो, ही कोण? आठवा बघू! अंदाज तरी करा.’ काकांनी नव्या सुनेला भाचीच्या नावाने हाक मारली आणि तेच नाव चिकटलं! आपण चुकलो हे लक्षात ठेवायलाही स्मरणशक्तीच लागते. ती अधू, पण तोंडात बसलेलं उत्तर मात्र राहतं. म्हणून नाव आधी आपण सांगायचं, मग त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचं. थोड्या वेळाने पुन्हा. परीक्षा बंद.

कधी ते ठासून सांगतील, ‘सकाळी जांभळी नाक्यावरून भाजी आणली,’ आणि उंबरासुद्धा ओलांडलेला नसेल. हे खोटं बोलणं नव्हे, मेंदू रिकामी जागा भरून काढतो. हुज्जत घालून दोघांचंही डोकं फिरतं, बाकी काही नाही.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत वेगाने होते, पुढे वर्ष-दोन वर्षं हळूहळू. त्यानंतरही जे उरतं, त्याला वही. खिशात मावेल अशी आणि एकच. दोन झाल्या की दोन्ही हरवतात. फिटची गोळी घेतली की तिथल्या तिथे वेळ टिपायची, नाहीतर तीच गोळी दोनदा पोटात जाते. ‘नंतर लिहितो’ चालणार नाही; या माणसाला नंतर नसतंच. मोबाइलचा अलार्म लावा, पण पडद्यावर ‘जेवणानंतरची गोळी’ असं दिसू द्या. नुसता वाजला, तर ते शांतपणे बंद करतात आणि पेपर वाचत बसतात.