मण्यार चावते तेव्हा चेतापेशींत काय होतं?

श्रोतेहो, नमस्कार. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते तेव्हा पुष्कळदा त्याला पत्ताही लागत नाही. ना सूज, ना धड आग. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घोट गिळता येत नाही आणि मग श्वास अडतो. मेंदू तर शाबूत असतो. मग बिघडतं कुठे?

चेतापेशीला फाटे फुटलेले असतात. आखूड फाटे संदेश आत घेतात आणि एक लांब फाटा, अक्षतंतू, तो पुढे धाडतो. कंबरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा अक्षतंतू मीटरभर भरतो; पेशी मात्र एकच! संदेश विजेचा, पण तारेतल्या विजेसारखा नव्हे बरं का. तंतूच्या पडद्यातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, की लगेच पुढची दारं उघडतात.

टोकाशी ही वीज थांबते, कारण पुढे फट असते. मेंदूतल्या बहुतेक जोडांवर ती मिलिमीटरच्या 50 हजाराव्या भागाएवढी. ती ओलांडतं रसायन. ऑटो लोवी यांनी 1921 साली हे दाखवलं. बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस चेतवून त्यांनी ठोके मंदावले आणि त्यातलं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं. तेही मंदावलं, नसेला हात न लावता! इतका देखणा प्रयोग क्वचितच पाहायला मिळतो.

ते रसायन होतं अ‍ॅसिटिलकोलीन. आपले स्नायूही त्याच्याच हुकमावर हलतात. तंतूच्या टोकाशी त्याच्या पुरचुंड्या तयार असतात. वीज पोचली की त्या फटीत रिकाम्या होतात, रसायन स्नायूवरच्या ग्राहींना, म्हणजे ते पकडणाऱ्या खाचांना, चिकटतं, स्नायू आकसतो. लगेच एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या रसायनाचे तुकडे करतं.

नागाचं विष त्या ग्राहींवरच ठाण मांडतं. निओस्टिग्मिनचं इंजेक्शन विकराला अडवतं, रसायन साठतं, आणि मिटलेल्या पापण्या पुन्हा उघडू लागतात. मण्यारीचं विष मुख्यतः पाठवणारं टोकच उद्ध्वस्त करतं. पाठवायलाच काही उरलं नाही, तर ते इंजेक्शन काय करणार? प्रतिविष रक्तातलं विष निकामी करतं, म्हणून ते लवकर हवं. मोडलेलं टोक ते सांधत नाही. ते शरीरालाच नव्यानं उभं करावं लागतं. दिवस जातात, कधी आठवडे. तोवर श्वास व्हेंटिलेटरवर. आणि या काळात रोगी बोटही हलवत नसला, तरी खाटेशेजारचं बोलणं त्याला ऐकू येत असू शकतं.