शिट्टी झाली की कलेजी

नमस्कार मंडळी. आज शेवंतीबद्दल सांगते. शेवंती म्हणजे पुण्यात आमच्या घरी चार महिने राहून गेलेली देशी कुत्री, दीडेक वर्षाची, कानाला खाच म्हणजे नसबंदी झालेली. शेल्टरच्या गोंगाटात तिने खाणंच सोडलं म्हणून फॉस्टरला आमच्याकडे आली. फॉस्टर म्हणजे दत्तक नव्हे हां, मधला मुक्काम. आमच्या सासूबाई तिला भाडेकरूच म्हणायच्या.

आल्या आल्या ती जी दिवाणाखाली घुसली ती दिवसभर बाहेर नाही. मला वाटलं, प्रेम दिलं की झालं. रोज वाकून हात घालायचे, ये गं बाळा, ये गं सोन्या. ती ओठ चाटायची, जांभई द्यायची, तोंड फिरवायची, आणि मी म्हणायचे, झोप आली वाटतं! अहो, ती सांगत होती की बाई लांब हो. चौथ्या दिवशी दात लागला. चूक शंभर टक्के माझी. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुतली आणि तडक इंजेक्शनला गेले, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की मग जवळपास काही हातात राहत नाही, त्यामुळे कुत्र्याला लस असली तरी डॉक्टरला दाखवायचंच.

मग मी काहीच न करायला शिकले, आणि हेच सगळ्यात अवघड बरं का. तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं, पेपर वाचायचा, मधेच उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचा, पण तिच्या मागे, माझ्याकडे नाही. कारण खाऊ दाखवून जवळ ओढलं तर हावेपोटी येते, तुकडा संपतो, मान वर करते तर समोर हा माणूस! परत भीती. मागे टाकला की खायला लांब जाते, जीव मोकळा होतो, मग स्वतःहून एक पाऊल जास्त पुढे येते.

कुकरची शिट्टी हा मोठा प्रॉब्लेम होता. आधी मोबाईलवर रेकॉर्ड करून अगदी बारीक आवाजात लावायचे, शिट्टी झाली की लगेच कलेजीचा तुकडा. आवाज आधी, खाऊ नंतर. उलटं केलंत तर कुत्र्याला खाऊचीच भीती बसते, हा घोळ मी दोन दिवस घातला होता. आवाज हळूहळू वाढवत खऱ्या कुकरपर्यंत यायला दीड महिना गेला.

फिरायला नेताना हातात दोन दोऱ्या, एक हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, आणि एक गळ्यातल्या कॉलरला. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून कॉलरमधून डोकं कधी काढतं ते कळत नाही, आणि नवीन घरी गेल्यावरही पहिले काही आठवडे हे सोडायचं नाही.

दत्तक द्यायच्या पोस्टमध्ये मी सरळ लिहिलं, घाबरट आहे, पाहुणे चालत नाहीत, घरात लहान मुलं नकोत. फोन कमी आले, येऊ देत. एकाला राखणीला हवी होती, त्यांना नाही म्हटलं. शेवटी एक रिटायर्ड जोडपं पाच वेळा येऊन नुसतं बसून गेलं, हात लावू का असं एकदाही विचारलं नाही, तेव्हा माझं ठरलं.

फक्त ते लोक पक्के शाकाहारी निघाले. आता तिकडे शिट्टी झाली की शेवंती ओट्यापाशी हजर, आणि पनीर मिळतं तिला.