मॉस्को, कलुगा, मोनिनो : रशियाच्या विमान आणि अवकाश संग्रहालयांतून

[दृश्य : मेट्रो स्थानकाचे प्रवेशद्वार. कॅमेरा हळूहळू वर सरकतो.]

मॉस्कोच्या उत्तर भागात व्हेदेनखा नावाच्या मेट्रो स्थानकातून बाहेर पडले की मान आपोआप वर जाते. समोर आकाशात झेपावणारे रॉकेट आणि त्याच्यामागे उसळलेला धुराचा लोट, असे १०७ मीटर उंचीचे स्मारक उभे आहे. नोव्हेंबर १९६४ मध्ये त्याचे अनावरण झाले आणि त्याला टायटॅनियमच्या पत्र्याचे आवरण असल्यामुळे इतक्या हिवाळ्यांनंतरही ते ढगाळ दिवशीसुद्धा चमकते. पायथ्याशी एक दाढीवाले वृद्ध गृहस्थ बसलेले दिसतात. ते रॉकेटने अवकाशात जाण्याचे गणित मांडणारे शिक्षक कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की. त्यांच्या गावाला आपण थोड्या वेळाने जाणारच आहोत.

या स्मारकाच्या पोटातच मॉस्कोचे अवकाशयात्रा स्मृती संग्रहालय आहे. पहिला अवकाशवीर युरी गागारिन याच्या उड्डाणाला २० वर्षे होत असताना, १० एप्रिल १९८१ रोजी ते उघडले. बहुतेक परदेशी पर्यटक इथे दोन तास घालवतात, छायाचित्रे काढतात आणि रशियाचा अवकाश इतिहास पाहून झाला असे समजून परततात. आम्हाला मात्र आग्रहाने सांगायचे आहे की इथे त्या इतिहासाचा फक्त विजयाचा भाग आहे. पहिला उपग्रह, पहिला अवकाशवीर, पहिली महिला अवकाशवीर, यानाबाहेर पडलेला पहिला माणूस, अशी ही पहिलेपणाची कथा आहे. या कथेची मुळे कलुगा शहरातल्या त्सिओल्कोव्स्कींच्या लाकडी घरात आहेत, आणि या देशाने जे करून पाहिले पण पुढे नेले नाही, ते मोनिनोच्या विमान संग्रहालयाच्या मोकळ्या मैदानात उभे आहे. तिन्ही ठिकाणे पाहिली तरच चित्र पूर्ण होते.

[दृश्य : काचेच्या कपाटातील दोन कुत्र्या.]

या काचेमागे आहेत बेल्का आणि स्त्रेल्का. १९ ऑगस्ट १९६० रोजी या दोघींना घेऊन यान कक्षेत गेले आणि दुसऱ्या दिवशी त्या जिवंत परतल्या. पृथ्वीप्रदक्षिणा करून सुखरूप उतरलेले हे पहिले प्राणी होत. त्यांचे देह जतन करून इथे ठेवले आहेत. त्याआधी, नोव्हेंबर १९५७ मध्ये, लायका नावाची कुत्री अवकाशात गेली होती, पण ज्या यानातून ती गेली त्याला परत येण्याची सोयच केलेली नव्हती. बेल्का आणि स्त्रेल्का यांच्यासमोर उभे राहताना लायकाची आठवण ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण त्या तीन वर्षांत नेमके काय शिकायचे होते, ते या तिघींच्या नशिबांतील फरकातून कळते. यान वर पाठवण्याची विद्या आधीच साध्य झाली होती. ते खाली आणायची विद्या अजून शिकायची होती, आणि गागारिनचे प्राण त्याच विद्येवर अवलंबून होते.

पुढच्या दालनात मीर अवकाशस्थानकाच्या मुख्य भागाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे आणि तिच्या आत जाता येते. इथे घाई करू नये. मूळ मीर फेब्रुवारी १९८६ मध्ये कक्षेत गेले आणि मार्च २००१ मध्ये ते ठरवून प्रशांत महासागरात पाडण्यात आले. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती अडचण. जेवणाचे टेबल, व्यायामाची सोय, झोपायचे अरुंद कप्पे आणि नियंत्रणाची जागा हे सारे एका बोगद्यासारख्या खोलीत दाटीवाटीने बसवलेले आहे. डॉक्टर वालेरी पोल्याकोव्ह यांनी १९९४-९५ मध्ये मीरवर सलग ४३७ दिवस काढले, हे वाक्य पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या कप्प्यासमोर उभे राहून आठवणे वेगळे.

शेजारच्या प्रदर्शन नगरीत, व्हेदेनखाच्या आवारात, अवकाश दालन आहे. त्याची दुरुस्ती होऊन एप्रिल २०१८ मध्ये ते पुन्हा खुले झाले. त्याच्या पुढ्यात व्होस्तोक रॉकेटची प्रतिकृती उभी आहे, आणि जवळच बुरान या अवकाश विमानाचा सांगाडा आहे. अनेक जण त्याला खरेखुरे उडालेले बुरान समजतात, पण हा चाचणीसाठी बनवलेला सांगाडा आहे. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी कोणीही माणूस आत नसताना पृथ्वीला दोन फेऱ्या मारून आपोआप धावपट्टीवर उतरलेले मूळ बुरान २००२ मध्ये कझाकस्तानातील बायकोनूर या प्रक्षेपण केंद्रात गोदामाचे छत कोसळून नष्ट झाले.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर सेर्गेई कोरोल्योव्ह यांचे घर आहे. पहिला उपग्रह आणि गागारिनचे यान ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाले, त्या मुख्य अभियंत्याचे नाव जानेवारी १९६६ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत जगापासून गुप्त ठेवले होते. १९३८ मध्ये त्यांना अटक झाली होती आणि अतिपूर्वेकडील कोलिमा भागात सक्तमजुरीच्या छावणीत त्यांनी कष्ट उपसले होते. सरकारने पुढे त्यांना दिलेले हे दुमजली घर शांत आणि नीटनेटके आहे. मुख्य संग्रहालयातली गर्दी इथे नसते, आणि एवढ्यासाठीसुद्धा इथे यावे.

[दृश्य : तिकीटखिडकी, पासपोर्ट, रूबलच्या नोटा.]

आता प्रवासाच्या व्यवहाराचे थोडे बोलू. ऑगस्ट २०२३ पासून भारतीय नागरिकांना रशियाचा ई-व्हिसा मिळतो आणि दिल्लीहून मॉस्कोला थेट विमाने आहेत. मात्र युक्रेनवरील आक्रमणानंतर, मार्च २०२२ पासून, परदेशी बँकांनी दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे रशियात चालत नाहीत. त्यामुळे डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा बरोबर नेऊन तिथे त्यांचे रूबल करून घ्यावे लागतात. युद्ध चालू असल्याने विमानतळ अचानक काही तास बंद होण्याचे प्रसंग घडतात, म्हणून परतीच्या दिवशी कोणतेही लांबचे संग्रहालय ठेवू नये आणि निघण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचाव्यात. मॉस्कोचे अवकाश संग्रहालय सोमवारी बंद असते. पासपोर्ट सतत जवळ बाळगावा. आणि जाण्याआधी रशियन मुळाक्षरे शिकून घ्यावीत, कारण मॉस्कोबाहेर फलक बहुधा फक्त रशियनमध्ये असतात आणि विमानाचे नाव वाचता आले तरी निम्मे काम होते.

तारकानगरीसाठी, म्हणजे गागारिन अवकाशवीर प्रशिक्षण केंद्रासाठी, एवढ्याने भागत नाही. तिथे आधी नावनोंदणी करून आणि पासपोर्टचा तपशील देऊन मार्गदर्शकाबरोबरच जाता येते, आणि परदेशी माणसाच्या परवानगीला रशियन माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. आत १८ मीटर लांबीच्या भुजेचे गरगर फिरणारे केंद्रापसारक यंत्र आहे आणि पाण्याखाली भारहीनतेचा सराव करण्यासाठी १२ मीटर खोलीचा तलाव आहे. याच आवारात राकेश शर्मा आणि त्यांचे राखीव सहकारी रवीश मल्होत्रा यांनी प्रशिक्षण घेतले. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून वर गेले आणि परतले ते सोयुझ टी-१० मधून. त्या दुसऱ्या यानाची कुपी आज दिल्लीच्या नेहरू तारांगणात आहे. गगनयानासाठी निवडलेल्या चार भारतीय वैमानिकांनीही २०२० ते २०२१ या काळात इथेच सराव केला.

[दृश्य : ओका नदी. उताराची गल्ली. लाकडी घर.]

कलुगा मॉस्कोच्या नैर्ऋत्येला, ओका नदीकाठी आहे. मॉस्कोच्या कीव स्थानकावरून गाड्या सुटतात. तिकीट काढताना कलुगा-१ हे स्थानक निवडावे, कारण कलुगा-२ शहरापासून बरेच दूर पडते. या शहरात त्सिओल्कोव्स्की १८९२ पासून १९३५ साली मृत्यू येईपर्यंत राहिले. ते गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. लहानपणी आलेल्या लोहितज्वराने त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली होती, आणि कानाला लावायचे कर्णे ते स्वतः पत्र्याचे बनवत. ते कर्णे आज त्यांच्या घरात ठेवलेले आहेत. लांब नळी, टोकाला पसरट तोंड, झाळकाम केलेले सांधे. हातमोजा घालून रॉकेटचे भाग हाताळणाऱ्या आजच्या प्रयोगशाळांपासून हे कारागिरीचे काम फार लांबचे वाटते, पण ज्याला दुकानात मिळणारे साधन पुरत नाही तो स्वतःचे साधन बनवतो, ही सवय रॉकेटच्या विचारापर्यंत कशी पोचली असेल, ते या कर्ण्यांकडे पाहून उमजते.

१९०३ साली, राइट बंधूंचे विमान डिसेंबरात उडण्याच्याही काही महिने आधी, या शिक्षकाने रॉकेटच्या साह्याने अवकाशात कसे जाता येईल याचे गणित छापले. इंधन जळून जाताना रॉकेटचा वेग किती वाढेल हे सांगणारे त्यांचे समीकरण आजही प्रत्येक उड्डाणाच्या हिशेबात वापरले जाते. बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग जास्त आणि रिकाम्या रॉकेटचे वजन कमी, या दोनच गोष्टींवर सारे अवलंबून असल्याचे त्या समीकरणाने दाखवले, आणि म्हणूनच द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळण्याची कल्पना त्यांनी तेव्हाच मांडली.

घरापासून थोड्या अंतरावर त्सिओल्कोव्स्की यांच्या नावाचे राज्य संग्रहालय आहे. त्याची कोनशिला जून १९६१ मध्ये, स्वतःच्या उड्डाणानंतर दोनच महिन्यांनी, गागारिनने बसवली आणि १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये संग्रहालय उघडले. २०२१ मध्ये त्याला मोठी नवी इमारत जोडली गेली. बाहेर उभे असलेले व्होस्तोक रॉकेट खास पाहण्यासारखे आहे. तळाशी जाऊन वर पाहावे. मधल्या गाभ्याभोवती बिलगलेले चार निमुळते भाग आणि त्यांच्या खाली इंजिनांच्या वीस मोठ्या तोंडांचा जुडगा दिसतो. मोठे एकच ज्वलनकक्ष स्थिरपणे जळत नव्हते, म्हणून प्रत्येक इंजिनाला चार छोटे कक्ष दिले गेले. त्या काळच्या अडचणीतून निघालेली ही रचना पुढे टिकली, आणि आजचे सोयुझ रॉकेट त्याच घराण्यातले आहे.

[दृश्य : लोकलच्या खिडकीतून बर्च झाडांची रांग. नंतर मोकळे मैदान, विमानांच्या शेपट्या.]

मोनिनोला जायचे तर मॉस्कोच्या यारोस्लाव्ह स्थानकावरून इलेक्ट्रिच्का, म्हणजे तिकडची लोकल, पकडायची आणि शेवटच्या स्थानकापर्यंत बसून राहायचे. वाटेत याच मार्गावर त्सिओल्कोव्स्कया हे तारकानगरीचे स्थानक लागते. मोनिनो ही हवाई दलाची जुनी वसाहत आहे आणि सोव्हिएत काळात परदेशी माणसाला इथे सहज पाऊल ठेवता येत नसे. आता इथले विमान संग्रहालय सर्वांना खुले आहे, पण त्याची वेळ आणि सुटीचा दिवस जाण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावा, आणि कॅमेरा विमानांकडे ठेवावा, आसपासच्या लष्करी इमारतींकडे नव्हे. मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. बर्फ वितळताना या मैदानात गुडघाभर चिखल होतो.

मैदानात सर्वात आधी डोळ्यांत भरते ते व्ही-१२ हेलिकॉप्टर. दोन्ही बाजूंच्या पंखांच्या टोकांना ३५-३५ मीटर व्यासाचा एकेक रोटर आहे. यापेक्षा मोठे हेलिकॉप्टर जगात उडालेले नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये त्याने ४४ टनांहून अधिक वजन २,२०० मीटरच्या वर नेले आणि तो विक्रम अजून अबाधित आहे. रस्ते नसलेल्या प्रदेशात अवजड क्षेपणास्त्रे पोचवण्यासाठी ते आखले गेले, पण तशी गरज उरली नाही, आणि दोनच नमुने बनवून काम थांबले.

त्यानंतर सुखोई टी-४ पाहावे. ध्वनीच्या तिप्पट वेगाने जाण्यासाठी टायटॅनियम आणि पोलादात घडवलेले हे विमान ऑगस्ट १९७२ मध्ये प्रथम उडाले. उतरताना त्याचे नाक खाली झुके, आणि वेगाने जाताना ते वर उचलले की वैमानिकाची पुढची काच पूर्ण झाकली जाई. मग तो उपकरणांच्या भरवशावर उडत असे. अशी दहा उड्डाणे झाली आणि प्रकल्प बंद पडला. पलीकडे प्रवासी तु-१४४ आहे. हे विमान ३१ डिसेंबर १९६८ रोजी, कॉन्कॉर्डच्या दोन महिने आधी उडाले, पण प्रवाशांना घेऊन त्याने नोव्हेंबर १९७७ ते जून १९७८ एवढ्याच काळात मॉस्को ते अल्मा-आता अशा फेऱ्या केल्या.

आम्ही सर्वाधिक वेळ ज्याच्यासमोर थांबण्याचा आग्रह धरू, ते विमान मात्र मोडक्या अवस्थेत आहे. इटलीहून १९२३ मध्ये सोव्हिएत देशात आलेले अभियंते रॉबर्ट बार्तीनी यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी व्हीव्हीए-१४ आखले. पाण्यावरून सरळ वर उठणारे आणि पाण्यालगत तरंगत जाणारे विमान त्यांना हवे होते. त्यांच्या आयुष्याची काही वर्षे कैदेत गेली होती. १९७४ मध्ये ते गेले आणि काम मंदावत थांबले. आज पंख निघालेले, रंग उडालेले धड गवतात पडून आहे. असे अवशेष हलवून जागा मोकळी करणे सोपे असते, पण मोनिनोने ते ठेवले आहे, आणि यासाठी या संग्रहालयाचे आभार मानायला हवेत. उघड्यावरच्या या विमानांना छप्पर मिळाले पाहिजे, असे इथे आलेल्या प्रत्येकाला वाटते, आम्हालाही वाटते.

[दृश्य : लढाऊ विमानांची रांग.]

मराठी प्रेक्षकाने मिग विमानांच्या रांगेसाठी निदान तासभर राखून ठेवावा. मिग-२१, मिग-२३, मिग-२५, मिग-२९, ही सारी नावे भारतीय हवाई दलाने वापरलेली आहेत. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ विमानांचे सांगाडे बनत आणि त्या नोकरीवर परिसरातल्या कित्येक घरांच्या चुली पेटल्या. भारतातले शेवटचे मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाले. इथे त्याच घराण्यातले विमान कोणत्याही कुंपणाआड नाही, अगदी हाताच्या अंतरावर आहे. नाकातला सरकता शंकू, चाकांच्या कप्प्यातल्या नळ्या, पंखाच्या पत्र्यावरील रिव्हेटांच्या ओळी, सारे जवळून पाहता येते. इथले मार्गदर्शक अनेकदा हवाई दलातून निवृत्त झालेले अधिकारी असतात. आपण भारतातून आलो आहोत हे त्यांना सांगावे आणि ओझरचा उल्लेख करावा, कारण भारतात हे विमान कुठे बनत होते, हे विचारणारा माणूस त्यांना बऱ्याच वेळा भेटतो, पण त्या गावाजवळून आलेला माणूस क्वचितच भेटतो.