कोथिंबीर फुलली आणि माश्या आल्या

ही आमची गच्ची. पुणे, कोथरूड, चौथा मजला. आणि ही काकडी, म्हणजे व्हायची होती ती काकडी. बोटाएवढी झाली, पिवळी पडली, गळाली. ओळीने सात-आठ गेल्या अशा. मी आधी खत घातलं, मग पाणी कमी केलं, मग वाढवलं, मग रात्री दोन वाजेपर्यंत यूट्यूब. शेवटी आईने एका वाक्यात निकाल लावला, "अगं, माशी कुठाय इथे?"

खरंच की. काकडीचं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, इकडचे पराग तिकडे न्यायला कुणीतरी लागतं आणि आमच्याकडे कुणी फिरकतच नव्हतं.

मग काय, गेले नर्सरीत, म्हटलं मधमाश्या येतील अशी फुलझाडं द्या. जे दिसायला भारी ते मिळालं. डबल झेंडू, डबल जास्वंद, पिटुनिया, बोगनवेल. गच्ची अशी दिसायला लागली की आलेले पाहुणे आधी सेल्फी काढायचे आणि मग चहा मागायचे. माशी मात्र यायची, एक गिरकी घ्यायची, निघून जायची.

आता हे जवळून बघा. हा गोंड्याचा झेंडू. साध्या झेंडूत मधोमध बारीक नळ्यांसारखी फुलं असतात, मध आणि पराग तिथे. डबलमध्ये बहुतेक जागा पाकळ्यांनीच खाल्लेली. डबल जास्वंदीत तर पुंकेसरांच्याच पाकळ्या झाल्यात. बोगनवेलीचा गुलाबी भाग हे फूलच नाही, ती पानं आहेत, खरं फूल म्हणजे आतली ती एवढीशी पांढरी नळी. म्हणजे बाहेर पाटी झगमगीत आणि आत स्वयंपाकघरच नाही, असं हॉटेल मी मांडून बसले होते.

जानेवारीत आम्ही तीन आठवडे गावी गेलो, शेजारच्या काकू तेवढं पाणी घालायच्या. परत आलो तर कोथिंबीर हातची गेलेली, ताडमाड वाढून पांढरी फुललेली. उपटणारच होते. वाकले आणि कानाशी गुणगुण.

ही बघा, पट्ट्यापट्ट्यांची, ही सातेरी. आपली देशी मधमाशी, अंधारात घर करते, झाडाच्या ढोलीत नाहीतर सोसायटीच्या मीटर बॉक्समध्ये. ही बारकी लालसर ती फुलोरी, हिचं तळहाताएवढं एकच पोळं फांदीला लटकतं. आणि ही काळी, डासाएवढी, ही पोयाची माशी, हिला डंखच नाही. तीन जाती, आणि त्यासुद्धा कशावर, तर वीस रुपयांच्या धण्यांवर!

मग मी सगळंच फुलू द्यायला लागले. मेथी, मोहरी, बडीशेप, मुळा, सब्जा. एक गोष्ट बघून बघून कळली, माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते. त्यामुळे पाच कुंड्यांत पाच प्रकार लावण्यापेक्षा एकच प्रकार पाच कुंड्यांत, शेजारी शेजारी, हे तिला परवडतं. आणि लाल रंग तिला नीट दिसत नाही, निळा, जांभळा, पिवळा दिसतो.

तुळशीवरून मात्र घरात भांडण. आई रोज सकाळी मंजिऱ्या खुडते, न खुडल्या तर तुळस लवकर वाळते, आणि तिचं बरोबरच आहे. पण माश्यांना तर मंजिरीच हवी. शेवटी तह झाला. वृंदावनातली तुळस आईची, टाकीमागच्या तीन कुंड्या माझ्या.

सगळ्यात अवघड पावसाळा. आपल्याला सगळीकडे हिरवंगार दिसतं ना, पण माशीच्या घरी जून ते सप्टेंबर दुष्काळच असतो, पावसात उडता येत नाही, फुलं भिजलेली. सह्याद्रीतले मधपाळ याच दिवसांत पेट्यांमधल्या माश्यांना साखरेचा पाक देतात. म्हणून या दिवसांसाठी मी तेरडा लावते. गौरीला आणतो तो, एकेरी, गावठी. त्याच्या फुलाला मागे बारीक शेपटी असते, मध तिच्यात. आणि भोपळ्याची वेल. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, त्यामुळे हा शॉट घ्यायला आमचा कॅमेरावाला सहाला आला, चिडलेला होता. दुधीचं उलटं, ते संध्याकाळी उमलतं, ती पतंगांची शिफ्ट.

बरेच जण विचारतात, मग पेटीच का ठेवत नाहीस. ठेवायची तर आधी रीतसर शिकायला हवं, इथे पुण्यातच केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, तिथे शिकवतात. पण मला मध नकोय हो, मला काकडी हवीये.

आणि औषध. मावा, म्हणजे रस शोषणारी ती बारीक कीड, पडला की मी आधी पाण्याचा फवारा मारते, अगदीच वाटलं तर निंबोळी तेल, तेही सूर्य मावळल्यावर, फुलं सोडून.

हा आवाज ऐका आता. वांग्याचं फूल आहे. वांग्याचे पराग टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतात, मिठाच्या डबीसारखे, हलवल्याशिवाय पडत नाहीत. सातेरीला हे जमत नाही. ही निळ्या पट्ट्यांची माशी फूल घट्ट पकडते आणि पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवते, झ्झ्झ, की पराग खाली. काळा भुंगासुद्धा हेच करतो. या निळ्या पट्टेवाल्या पोळं करत नाहीत, मादी एकेकटी मातीत बीळ करते, म्हणून एका मोठ्या कुंडीतली माती मी उकरतच नाही.

आता साडेसहा वाजलेत, टाकीमागे या, हळू. वाळक्या मंजिरीच्या काडीवर बघा, एका ओळीत पाच. हे निळ्या पट्टेवाले नर. यांना घर नाही, रात्री जबड्याने काडी धरायची आणि तसंच लटकून झोपायचं. काल चार होते.

लाइट बंद कर रे.